भाऊजींची गिरड गाडी

आमच्या भाऊजींच्या हातात पृथ्वीच्या पाठीवरची कोणतीही वस्तू द्या, पाच मिनिटांत तिची एसटी होते. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. साळ्यानं बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक केल्याचं आमच्या केळझरात तरी कोणाला आठवत नाही. मी आपलं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. ताईनं चटणी वाटायला मिक्सर लावला की बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या भाऊजींची मान तिरपी होते आणि भिंतीपलीकडून हुकूम सुटतो, "अवं, लोड येऊन राह्यला तिच्यावर! पयल्यात टाक, पयल्यात!" मिक्सरच्या बटणावरचे आकडे म्हणजे त्यांच्या लेखी गिअर. कोपऱ्यावरून दूध आणायचं असलं तरी ते आधी स्कूटरभोवती एक फेरी मारतात, दोन्ही चाकांना लाथ घालून हवा पाहतात, वाकून तेल गळतंय का बघतात, आरसा पुसतात आणि मग निघतात. तोवर दूध संपलेलं असतं. माझ्या मागं स्कूटरवर बसले तर विचारूच नका. गतिरोधक दिसला की मागं बसून उजवा पाय असा काही दाबतात की माझी मांडी काळीनिळी होते.

जेवणाची तर आणखीच तऱ्हा. ताट वाढून झालं, वरणावर तूप पडलं, पापड भाजून आला, तरी भाऊजी हात लावणार नाहीत. कोणीतरी चमच्यानं पेल्यावर टण टण असं दोनदा वाजवायचं, की मग पहिला घास. दोन बेल म्हणजे गाडी सोडा, एक बेल म्हणजे थांबा. आयुष्यभर कंडक्टरच्या दोरीवर चाललेला माणूस तो. माझं लग्न झालं आणि माझी बायको पहिल्यांदा बोरगाव मेघेला त्यांच्या घरी जेवायला बसली, तेव्हा बिचारीच्या हातून चमचा पडला. टण! भाऊजींचा घास तोंडापाशी गेलेला तिथंच थांबला. माझी बायको घाबरली, भाजी खारट झाली की काय म्हणून ताईकडे पाहायला लागली. ताईनं न बोलता पेल्यावर दोन टिचक्या मारल्या आणि गाडी पुन्हा चालू झाली. "घाबरू नोको माय," ताई माझ्या बायकोला म्हणाली, "कोणी उतरलं असन मधात."

भाऊजी वर्ध्याच्या डेपोत ड्रायव्हर होते. त्यांच्या हाताखाली गाडी कशी चालायची हे मी ऐकून आहे. सेलूचे म्हातारे दुकानदार सांगत की ही गाडी वळणावर आली तरी मांडीवरच्या टोपलीतलं अंडं हलत नसे. पण ते पाहिलेलं मात्र आमच्या घरात कोणीच नाही, कारण भाऊजींचा एक कायदा होता. घरचं माणूस त्यांच्या गाडीत बसणार नाही. बायको नाही, पोरगी नाही, आई नाही. लग्नानंतर पहिल्याच पोळ्याला ताई माहेरी यायला निघाली, वर्ध्याच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली, आणि स्टिअरिंगवर हे! ताई लाजत, हसत पायरीवर पाय ठेवणार तोच खिडकीतून आवाज आला, "तू खाली उतर. मांगून दुसरी येऊन राह्यली, तिच्यात बसजो." ताई रडत दुसऱ्या गाडीनं केळझरला आली. आमच्या वडिलांनी जाब विचारला तेव्हा भाऊजी खाली मान घालून एवढंच म्हणाले, "मामाजी, घरचं माणूस गाडीत असलं का ड्रायव्हरचा डोळा आरशात जाते. रस्त्यावर राह्यत नाई. मांगं बाकीचे लोकं कोणाचे तरी घरचेच असते ना?" वडिलांना ते पटलं. पण ताईनं ते मनात धरलं. भांडण कशावरूनही निघो, बिलावरून निघो की मिठावरून, शेवटचा थांबा तोच: "अख्ख्या जिल्ह्याले बसवलं गाडीत, मले नाई बसवलं!"

आणि मग जाम गावच्या चौकाजवळ ते झालं. भाऊजी वर्धा–गिरड गाडी घेऊन निघाले होते. सेवाग्राम मागं टाकलं, जामचा चौक दिसायला लागला आणि त्यांच्या छातीत कळ उठली. त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंडिकेटर दिला, हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावायला कंडक्टरला सांगितलं, प्रवाशांना "जरा उतरून घ्या" म्हटलं, आणि मग स्वतः आडवे झाले. तिथून त्यांना थेट सेवाग्रामच्या दवाखान्यात आणलं. मी धावत पोहोचलो तर नाकात नळी, अंगाला वायरी, आणि हा गृहस्थ मला विचारतो, "साळेसाहेब, गाडी पोचली का गिरडले?" मी म्हटलं, "भाऊजी, लोकं दुसऱ्या गाडीनं गेले. सगळे पोचले." "लोकं पोचले," ते म्हणाले, "माही गाडी नाई पोचली. मधातच सोडली मी."

हृदयात स्प्रिंगा बसल्या, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. डेपोत बसल्या जागेचं काम मिळालं, मग निवृत्ती झाली, हार झाले, नारळ झाला. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत जी एक फेरी पुरी झाली नाही तीच या माणसाच्या गळ्यात अडकून बसली होती. तोंडानं बोलायचे नाहीत. फक्त कोणी गिरडचं नाव काढलं, टेकडीवरच्या दर्ग्याला जाऊन आलो म्हणालं, की उठून पाणी प्यायला जायचे. ताई एकदा त्यांना म्हणालीसुद्धा, "चला, आपण भाड्याची गाडी करून गिरडले जाऊन येऊ." तर म्हणाले, "पॅसेंजर म्हणून? मी?" आणि दोन दिवस अबोला.

आता या कथेत कम्प्युटर येतो. माझी भाची इंजिनिअरिंगला लागली तेव्हा भाऊजींनी तो घेतला होता. ती शिकली, पुण्याला नोकरीला गेली, आणि तो कम्प्युटर बाहेरच्या खोलीत ताईनं विणलेल्या रुमालाखाली निवांत पडून राहिला. त्याच्यावर एक फुलदाणी असे. चालू करायला बटण दाबलं तर तो सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचं. परवाच्या दिवाळीला भाची आली आणि तिनं गंमत म्हणून आपल्या लॅपटॉपवर बापाला बस चालवायचा एक गेम दाखवला. झालं! त्या दिवशी फराळ कोणी केला, कोणी खाल्ला, भाऊजींना पत्ता नाही. परदेशातला कुठला तरी मुलूख, हिरवे डोंगर, बर्फ, आणि मधून लांबलचक रस्ता. भाऊजींनी पहिल्याच सेकंदाला गाडी डाव्या बाजूला घेतली आणि समोरून आलेल्या ट्रकवर धाडकन घातली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा डावीकडे, पुन्हा धाडकन. "अवो, हा अख्खा देश राँग साइडनं चालून राह्यला!" ते ओरडले, "याईले लायसन कोणं देलं?" भाचीनं कुठलंसं बटण दाबून सगळ्या देशाला डाव्या बाजूनं चालायला लावलं, तेव्हा कुठं भाऊजींचा जीव भांड्यात पडला. "आता कसं! शिस्त पायजे."

भाची लॅपटॉप घेऊन पुण्याला परत गेली. जाताना तिनं तो गेम घरच्या कम्प्युटरवर टाकून दिला होता, आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन. "साळेसाहेब, ये बरं लवकर. गाडी झटके मारून राह्यली." मी गेलो तर पडद्यावर बस निघायची, थबकायची, एकदम दहा हात पुढं दिसायची, पुन्हा थबकायची. सिनेमा कसला, फोटोंचा अल्बम उलटतोय असं वाटायचं. भाऊजींनी रुमाल काढून कम्प्युटरच्या पाठीला कान लावलेला. "डिझेल पोचत नाई वरतं," त्यांनी निदान केलं. मी म्हटलं, भाऊजी, हा म्हातारा झाला, पोरगी म्हणते नवा पाठवते, घेऊन टाका. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ताईबद्दल बोललो. "या गाडीनं माही पोट्टी इंजिनिअर करून पोचवली. भंगारात नाई देत मी हिले. बॉडी ठणठणीत हाय. इंजिन काम करू."

मग सुरू झाला तो ओव्हरहॉलिंगचा महिना. अहो, काय सांगू! माझ्या अख्ख्या आयुष्यात मी इतका धावलो नाही आणि खोटं कशाला बोलू, इतकी मजाही कधी आली नाही. पहिल्यांदा आम्ही वर्ध्यातल्या एका कम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार बिचारा भला माणूस, समजावून सांगायला लागला की रॅम वाढवावी लागेल, ग्राफिक कार्ड लागेल, नवी डिस्क लागेल. भाऊजी म्हणाले, "थांब बावा. मले माह्या भाषेत समजू दे." आणि त्यांनी तिथंच काउंटरवर फोड करून घेतली. रॅम म्हणजे सीटा. जास्त सीटा, जास्त माणसं एका फेरीत. डिस्क म्हणजे डिकी. ग्राफिक कार्ड म्हणजे समोरची काच. ती धुरकट असली तर रस्ता दिसणार कसा? आणि पॉवर सप्लाय म्हणजे बॅटरी. दुकानदार थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "काका, असंच हाय खरं म्हणजे." त्यानंतर तो स्वतःच गिऱ्हाइकांना "सीटा वाढवून देऊ का?" म्हणायला लागला, हे मी माझ्या कानानं ऐकलंय.

सामान घरी आलं. ताईच्या जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला आणि कम्प्युटरची बॉडी उघडली. भाचीचं मार्गदर्शन व्हिडिओ कॉलवरून. तिचा चेहरा मी मोबाईलवर धरून उभा. "बाबा, स्क्रू हळू फिरवा!" ती किंचाळत होती, कारण भाऊजी स्क्रू पिळत होते ते चाकाचे नट पिळल्यासारखे, पाय टेकवून. आतली धूळ काढायला त्यांनी सायकलचा पंप लावला, तर बाहेर एक वाळलेली पाल, भाचीचं हरवलेलं कानातलं आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या उजळणीची चिठ्ठी निघाली. ग्राफिक कार्ड बसेना. बॉडी जुनी, कार्ड लांब. भाची म्हणाली, "बाबा, कॅबिनेट बदला." भाऊजी उठले, कोठीतून आरी घेऊन आले आणि आतली एक पट्टी करकर कापून मोकळे. मी डोळे मिटून घेतले. कार्ड बसलं! "पाह्यलं?" भाऊजी घामानं निथळत म्हणाले, "ड्रायव्हरची केबिन अशीच बसवा लागते, ठोकून ठाकून."

सगळं जोडलं, बटण दाबलं आणि काहीच नाही. काळोख. आमचे चेहरे उतरले. भाचीनं एक एक वायर दाखवायला लावली, आणि शेवटी कळलं की बॅटरीची म्हणजे त्या पॉवर सप्लायची मागची कळ मीच बंद ठेवली होती. कळ दाबली आणि आतले पंखे घुंऽऽ करून फिरायला लागले, पडदा उजळला, बस दिसली, तीही अशी चकचकीत की काचेवरचा थेंब दिसावा. भाऊजींनी मला मिठी मारली हो! इतक्या वर्षांत या माणसानं माझा हात हातात घेतला नव्हता. ताई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली. "काय झालं? छातीत दुखून राह्यलं का?" "छाती कायची," भाऊजी ओरडले, "इंजिन लागलं, इंजिन!"

पण पळवायची नाही. नव्या इंजिनाला आधी सवय लावावी लागते, असा त्यांचा दंडक. पहिला आठवडा त्यांनी त्या गुळगुळीत परदेशी रस्त्यावर बस बैलगाडीच्या चालीनं चालवली. मागं गाड्यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, भाऊजी ढिम्म. "रनिंग इन हाय, समजत नाई का तुमाले?" भाचीनं पुण्याहून खेळायचं स्टिअरिंग पाठवलं तर म्हणाले, "हे स्टिअरिंग हाय का कढईचं झाकण?" आणि ताईच्या मोठ्या चाळणीचं कडं काढून तारेनं त्याच्यावर आवळून घेतलं. चाळणीवरून जे रामायण झालं ते मी इथं सांगत नाही. मॉनिटरच्या कोपऱ्याला दाढीचा आरसा टांगला गेला, मागचं दिसावं म्हणून. मागं काय, तर स्वयंपाकघराचं दार. "माह्यावर पहारा ठेवला का?" ताई म्हणे. आणि कम्प्युटरच्या पाठीवर लाल रंगानं, वळणदार अक्षरात लिहिलं गेलं: संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.

आणि मग मला तो रस्ता कळला. भाऊजी गेममध्ये रोज एकाच रस्त्यानं जायचे. बंदराच्या गावाहून निघायचं, तलावाकाठचं गाव गेलं की म्हणायचे, "सेवाग्राम गेलं." पुढं मोठा चौक, पेट्रोलपंप, ट्रकांची गर्दी, ते जाम. त्याच्या पलीकडे छोटं गाव, ते समुद्रपूर, आणि शेवटी टेकडी, टेकडीवर चर्चचा कळस. "पाय," त्यांनी नकाशावर बोट ठेवून मला एकदाच दाखवलं, "टेकडी हाय का नाई? वरतं कळस हाय का नाई? गिरडच हाय." बाहेर रणरणतं ऊन, पडद्यावर बर्फ पडतोय आणि हा माणूस गिरडला निघालाय. मला हसू आलं, आणि मग मीही पाणी प्यायला उठलो. निघण्याआधी ताईनं दोन बेल द्यायच्या. तीही बडबडत, पण चमच्यानं ताटावर टण टण करायचीच. कीबोर्डशेजारी जिभेखाली धरायच्या गोळ्यांची डबी तिनं ठेवली होती. खेळताना छातीत कळ आली तर, या धाकानं ती दारातच उभी राहायची.

इथं आमच्या वर्ध्याच्या उन्हाळ्यानं घात केला. पारा चढला, आणि कम्प्युटर चालता चालता फट्‌कन बंद पडायला लागला. कुठं? जामच्या चौकात! सेवाग्राम व्यवस्थित जायचं, चौक दिसायला लागायचा, पंखे किंचाळायचे आणि पडदा काळा. एकदा झालं, दोनदा झालं, रोजच व्हायला लागलं. भाऊजींचा चेहरा पांढरा पडायचा. "पुन्हा जामलेच," ते पुटपुटायचे. भाची म्हणाली, आतून तापतोय, त्याला थंड हवा पाहिजे. थंड हवा म्हटल्यावर आमच्याकडच्या माणसाला दुसरं काय सुचणार? भाऊजींनी खिडकीतल्या कूलरची टाकी काठोकाठ भरली, गवताच्या नव्या ताट्या बसवल्या, आणि कम्प्युटर बॉडी उघडून थेट कूलरच्या तोंडाशी मांडला. घरातली माणसं घामानं भिजताहेत आणि कम्प्युटरला वाळ्याचा वास असलेली ओली गार हवा! मी म्हटलं, "भाऊजी, हवा दमट हाय." "मले कूलरची हवा चालते, त्याले काऊन नाई चालन?"

दोन दिवस गाडी झकास धावली. तिसऱ्या दिवशी जामच्या अलीकडेच आत चट्‌ असा आवाज झाला, जळका वास आला, आणि सगळं शांत. उघडून पाहिलं तर आतल्या हिरव्या बोर्डवर दवासारखे थेंब, ताटीची कुसळं चिकटलेली, स्क्रूंना तांबूस गंज. दुकानदारानं बोर्ड तपासला आणि मान हलवली. "काका, याच्यात जीव नाई राह्यला. नवाच घ्या." भाऊजींनी बोर्ड पिशवीत टाकला. घरी आले, ताईचा रुमाल कम्प्युटरवर घातला, त्यावर फुलदाणी ठेवली. स्टिअरिंगवरून चाळणीचं कडं सोडून ताईला परत दिलं. रात्री जेवायला बसले आणि ताईनं पेल्यावर टण टण केलं, तर म्हणाले, "राहू दे वं." आणि बेलशिवाय जेवले.

ताई मला फोनवर सांगताना रडत होती. "पेल्याकडे पाह्यलं बी नाई रे त्याईनं. डॉक्टर म्हणे छातीवर भार नोको. आता हा जो भार घेऊन बसले हे, हा कोण उतरवन? तू ये, लवकर ये." मी गेलो. पाहतो तर ताईनं कधीच गच्चीवर खाट टाकलेली. उन्हाळ्याची कुरडई वाळत घातलेली होती, पांढऱ्याशुभ्र चकल्यांची रांग, आणि तिच्या कडेला, जुन्या ओढणीखाली, कम्प्युटरचा हिरवा बोर्ड! मी कपाळावर हात मारला. "ताई, तो कुरडई हाय का?" ताई शांतपणे म्हणाली, "ओला झाला ना? मंग वाळवाचा. दोन उन्हं खाऊ दे." एरवी गेमच्या नावानं बोटं मोडणारी माझी बहीण दर तासाला वर जाऊन बोर्ड उलटत होती, कावळे हाकलत होती, मऊ ब्रशनं कुसळं काढत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं तो उचलला, कुरडईसारखाच कानाशी नेला आणि म्हणाली, "वाळला."

मी तो जोडला. भाची मोबाईलवर श्वास धरून. भाऊजी खुर्चीत मागं बसले होते, पाहायचं नाही म्हणून पेपर तोंडासमोर धरून, पण पेपर उलटा होता. बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा उजळला. मी ओरडलो, भाची पुण्यात ओरडली, शेजारचा माणूस चप्पल न घालता धावत आला. भाऊजींनी पेपर खाली केला आणि कम्प्युटरकडे नाही, ताईकडे पाहिलं. ताई मात्र कामाचं बोलत होती. "आता कूलर बंद. झाकण उघडं ठेवा अन् पहाटची पयली फेरी काढा. पहाटचं गार असते. पहाटच्या गाडीले कुठी ऊन लागते?" भाऊजी नवलानं म्हणाले, "हे मले नाई सुचलं."

मी त्या दिवशी मुक्कामी राहिलो. सकाळी, नुकतं फटफटत होतं, उठून पाहतो तर भाऊजी अंघोळ करून, खाकी शर्ट चढवून स्टिअरिंगवर. चाळणीचं कडं पुन्हा जागेवर. मी मागच्या दिवाणावर बसलो. कम्प्युटर चालू, बस बंदराच्या स्टँडवर उभी, आणि बेल येईना. भाऊजी आरशात पाहायला लागले. स्वयंपाकघराच्या दारातून ताई आली, तीही लग्नकार्यातली जरीची साडी नेसून, केसांत वेणी, हातात पिशवी. तिनं भाऊजींच्या मागं खुर्ची ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

भाऊजींनी मान न वळवता म्हटलं, "घरचं माणूस गाडीत नाई. तुले माहीत हाय."

"मी घरची नाई," ताई म्हणाली. "मी पॅसेंजर हाय. गिरडले जायचं हाय मले."

मग भाऊजींनी हात लांब केला आणि दाढीचा आरसा हळूच भिंतीकडे फिरवून टाकला. ताईनं पिशवीतून चमचा आणि ताटली काढली. टण टण.

गाडी सुटली. बाहेर उजाडत होतं, पण मी कसला तिकडे पाहतो, माझे डोळे पडद्याला चिकटलेले. अंड्याची टोपली मांडीवर असती तर खरंच हलली नसती. सेवाग्राम गेलं. पंखे कुजबुजत होते, किंचाळत नव्हते. मग तो चौक दिसायला लागला, पेट्रोलपंप, ट्रकांची गर्दी. भाऊजींचे हात कड्यावर घट्ट झाले, मानेवर घाम आला. ताईचा हात गोळ्यांच्या डबीवर गेला आणि मग तिनं तो परत घेतला, पिशवीवर ठेवला. चौकात सिग्नल लाल होता. थांबली गाडी. देवा, आता नाही, आता नाही. हिरवा झाला. भाऊजींनी पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, आणि जाम मागं गेलं.

"गेलं जाम," ते म्हणाले.

समुद्रपूर आलं नि गेलं. रस्ता चढायला लागला, टेकडी आली, टेकडीवरचा तो कळस उजेडात चमकला. भाऊजींनी गाडी स्टँडवर अशी लावली की पांढऱ्या रेघेला चाक चाटून उभं राहावं. इंडिकेटर. हँडब्रेक. इंजिन बंद. मग त्यांनी सवयीनं मोठ्यानं हाक दिली, "गिरड! चला, गिरडवाले उतरून घ्या!"

ताई उतरली नाही. खिडकीतून कोवळं ऊन तिच्या जरीवर आलं होतं. भाऊजींनी हात लांब करून भिंतीकडचा आरसा सरळ केला आणि त्यात पाहिलं. गाडी उभी होती, हँडब्रेक ओढलेला होता, आता त्यांना पाहायला कोणाची ना नव्हती. ते कितीतरी वेळ पाहत राहिले. ताईनं पदर सारखा केला, आरशातच त्यांच्याकडे बघून म्हणाली, "चांगली चालवता हो तुमी गाडी. मले कोणी सांगतलं बी नाई इतके वर्सं."

भाऊजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "परतीची फेरी हाय," ते म्हणाले, "बसून राह्य."

मी चहा ठेवायला उठलो. स्वयंपाकघरात उभा होतो तेव्हा बाहेरून टण टण ऐकू आलं.